चौतीस बाळांचं झबलं

पूर्णिमानं माझ्याकडे ते झबलं दोनदा मागितलं. पहिल्यांदा मी तिला घालवून दिलं आणि दुसऱ्यांदा झबलं दिलं. यातलं कुठलं काम मी डोकं ठिकाणावर असताना केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमोदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणतो, "दोन्ही नाही."

माझं नाव सुरुची. कर्वेनगरात, तोंडाशी इस्त्रीवाला बसतो त्या गल्लीत, तळमजल्यावर माझं 'दुपटं अँड कंपनी' आहे. कुरियरवाले अजून दारात येऊन "दुपटे साहेब आहेत का?" म्हणून विचारतात. सुरुवातीला मी समजावून सांगायची. आता "बाहेर गेलेत" म्हणते आणि सही करते.

आम्ही तान्ह्या बाळांचे कपडे करतो. कीटकनाशक न मारलेल्या कापसाचं सुती कापड, त्यावर नीळ, मंजिष्ठा नाहीतर डाळिंबाच्या साली यांचे रंग. बटणं नाहीत, चेन नाही, जिथे तिथे बंद. लेबल आतून टोचतं म्हणून मी ते बाहेरून छापते. कापड कापताना उरलेल्या चिंध्यांची गोधडी होते, त्यातूनही उरलं तर उशीत जातं. प्रत्येक रंगाचा प्रयोगशाळेतून आलेला रिपोर्ट मी फ्रेम करून भिंतीवर लावला आहे. लोक गणपतीचा फोटो शोधतात, त्यांना रिपोर्ट दिसतात. "देव कुठे आहेत?" असं एका काकूंनी विचारलं होतं. मी म्हटलं, "घरी. इथे येऊन ते काय करणार? इथे कापड आहे."

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मी कोण आहे हे आधी कळावं. नवस, दृष्ट, मीठ-मोहऱ्या यांतलं काहीही मी मानत नाही. निदान त्या सोमवारपर्यंत तरी मानत नव्हते.

आता त्या झबल्याबद्दल. कुठलंही नवीन डिझाइन करायचं तर त्याचं एक सँपल शिवावं लागतं आणि ते खऱ्या बाळाला घालून बघावं लागतं. बाहुलीला घालून काही कळत नाही, कारण बाहुली हात आखडून घेत नाही आणि शू करत नाही. माझं पहिलं सँपल बिनरंगाच्या मलमलचं होतं, कुशीला बंद बांधायचं. तीन वर्षांत मी ते ओळखीच्या, अनोळखी, जिथे मिळेल तिथल्या तान्ह्या बाळाला घालून पाहिलं. बगलेत काचलं की तिथे उसवायचं, तुकडा जोडायचं, पेनानं खूण करायची, धुवायचं, पुढच्या बाळाला घालायचं. त्याच्या बगलेला तीन ठिगळं होती, पाठीवर निळ्या पेनाचे बाण होते आणि गळ्यापाशी दुधाचा एक डाग होता तो रिठ्यानंही गेला नाही. दिसायला ते अगदी भिकार होतं. पण माझी सगळी मापं त्या झबल्यात होती. चौतीस बाळांनी ते घातलं होतं आणि प्रत्येकाची नोंद मी एका वहीत ठेवली होती. क्रमांक, वजन, छातीचं माप, घरचा फोन आणि शेवटी शेरा. शेरे असे: 'डावी बगल घट्ट.' 'झोपलं, कळलं नाही.' 'आजीनं मध्ये मध्ये केलं.'

कुणीतरी म्हणालं, हे लोकांना दाखवा, लोकांना असं आवडतं. म्हणून मी त्या झबल्याचा एक व्हिडिओ टाकला. त्याखाली कुणा बाईनं विचारलं, 'तुमची स्वतःची मुलं किती?' हा प्रश्न मला प्रत्येक प्रदर्शनात विचारला जातो. लहान मुलांचे कपडे करणाऱ्या बाईला मूल नसेल हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. आम्हाला मूल नाही. प्रयत्न केले, झालं नाही, थांबलो. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती प्रदर्शनात उभं राहून सांगायची नसते. मी त्या बाईला उत्तर लिहिलं, 'चौतीस.'

तर त्या सोमवारी दुपारी पूर्णिमा आली. दुर्गाबाई, माझ्याकडे शिवण करतात त्या, रजेवर होत्या. मी एकटीच होते. तिशीतली बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात चांगले बूट, आठवा महिना असावा असं पोट. वाघोलीहून आले म्हणाली. वाघोलीहून कर्वेनगरला भर दुपारी, त्या पोटासकट, म्हणजे पक्की गिऱ्हाईक, असा माझा हिशेब. मी पाणी दिलं आणि नवीन संच काढायला लागले. मंजिष्ठाचा फिकट गुलाबी आणि त्यावर हातठशाची बारीक पानं, या वर्षीचं माझं सगळ्यात देखणं काम.

तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही.

"मला नवीन नकोय," ती म्हणाली. "ते व्हिडिओमधलं जुनं झबलं आहे ना, ते द्याल?"

"ते विकायचं नाही. ते सँपल आहे."

"विकत नकोच आहे मला. मी पैसे देणार नाही. तुम्ही तसंच द्या."

मी तिच्याकडे बघत राहिले. मोटारीतून आलेली बाई. मोटार मला दारातून दिसत होती, आत तिचा नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. फुकट मागतेय, तेही जुनं, तेही नेमकं तेच ज्यात माझी सगळी मापं आहेत. मागच्या वर्षी एका बाईनं माझ्याकडून दोन टोपडी नेली आणि महिन्याभरात हुबेहूब तशी दोनशे टोपडी बाजारात आणली होती. माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला.

"कुठल्या कंपनीकडून आलात?" मी विचारलं.

तिनं गोंधळून गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि एका सॉफ्टवेअर कंपनीचं नाव सांगितलं. "टेस्टिंगला आहे मी."

"वा. म्हणजे आता झबल्यांचंही टेस्टिंग सुरू झालं का?"

"नाही हो, मला फक्त एक... जुनं असेल तरच चालेल. अंगावरचं. प्लीज. तुम्ही कारण विचारू नका ना."

"कारण विचारत नाही. मला समजलंय. हे दुकान आहे, अन्नछत्र नाही. नवीन हवं तर बसा, दाखवते. नाहीतर गल्लीच्या तोंडाशी यू टर्न मिळतो."

असं मी आठ महिन्यांच्या पोटुशी बाईला म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो मला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याचा पेला तसाच टेबलावर ठेवला, "सॉरी हां" म्हणाली आणि गेली. मोटारीत बसताना नवऱ्यानं काहीतरी विचारलं आणि तिनं नुसती मान हलवली.

पॅटर्न चोरायला आलेली माणसं सॉरी म्हणून जात नाहीत, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला फक्त वाटलं की काहीतरी जुळत नाहीये.

बुधवारी दुर्गाबाई आल्या. त्या मूळच्या वाशीमकडच्या, वीस वर्षं पुण्यात आहेत, पण बोलणं तिकडचंच ठेवलंय. मी त्यांना सगळी हकीकत चांगली रंगवून सांगितली, यू टर्नसकट. त्यांचा पाय मशीनवर थांबला.

"ताई, ते चोराले नव्हती आली," त्या म्हणाल्या. "ते मांगाले आलती."

"तेच तर सांगतेय. फुकट मागायला."

"फुकट नाई. मांगाले." दुर्गाबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "ज्या बाईचे लेकरं जगत नाईत ना, तिनं पुढच्या लेकराले इकतचं कापड आनू नाई. पाच घरी जावं, पदर पसरावं, ज्या घरचे लेकरं खेळतेत त्या घरचं जुनं अंगावरचं मांगून आनावं. ते घालावं. मंग ते लेकरू राहते. मांगताना कारन सांगत नसतेत. समोरच्यानं समजून द्या लागते."

मी म्हटलं, "आणि समोरच्याला समजलं नाही तर?"

"इकडं कोनाले नाई समजत," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालू केलं.

मी आत जाऊन बसले. मला स्वतःची शरम वाटली, अगदी कानापर्यंत. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी रागही आला. सॉफ्टवेअरमधली बाई. टेस्टिंगला. मुलं का गेली ते डॉक्टरला विचारायचं की झबल्याला? आणि तरीही माझ्या डोळ्यासमोर तो तसाच ठेवलेला पेला येत होता. दुकानात येण्याआधी तिनं इन्स्टाग्रामवर निरोप पाठवला होता, तो मी आता नीट वाचला. 'तुमच्या झबल्यातली सगळी बाळं किती गोड आहेत. मी एकदा येऊ का?' तेरा दिवसांपूर्वीचा. उत्तरात मी एक स्मितहास्य पाठवून दिलं होतं.

मी झबलं काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं. माप कागदावर उतरवून घेतलं. आता फक्त तिला बोलवायचं. आणि फोन हातात घेतल्यावर मला दोन गोष्टी सुचल्या, न सुचत्या तर बरं झालं असतं.

पहिली म्हणजे, घर असं हवं की जिथे लेकरं खेळतात. माझ्या घरात आमोद आणि मी. मी दुर्गाबाईंना विचारलं, "माझ्या हातचं चालेल का हो तिला?" दुर्गाबाईंना चार मुलं आहेत आणि खोटं बोलता येत नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक तीनदा ओलं केलं आणि सुईत ओवलं.

दुसरी त्याहून वाईट. मी स्वतःला म्हटलं, घर माझं कशाला मोजायचं, झबल्यात चौतीस घरं आहेत, पाचच्या जागी चौतीस. पण ती चौतीस बाळं आता कशी आहेत हे मला कुठे माहीत होतं? वही उघडली. 'डावी बगल घट्ट.' 'उजवा हात काढून घेतला.' तीन वर्षांत मी एकाही बाळाबद्दल बगलेपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. त्यातलं एखादं नसलं तर? मी असलं काही मानत नाही. पण ती मानते, निदान घाबरून तरी मानते, आणि तिला न सांगता मी तसं झबलं दिलं तर ती फसवणूकच झाली. कपड्याला काय काय लागलंय ते गिऱ्हाइकाला सांगायचं, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम आहे. माझ्या भिंतीवर त्याच्याच फ्रेम आहेत.

म्हणून मी एक नंबरपासून फोन करायला सुरुवात केली.

"नमस्कार, मी दुपटं अँड कंपनीतून सुरुची. तीन वर्षांपूर्वी तुमच्या बाळाला आम्ही एक झबलं घालून पाहिलं होतं. बाळ बरं आहे ना?"

"बरंय की. का हो?"

"काही नाही, सहज."

पुण्यात कुणी कुणाला सहज फोन करत नाही. हे माझ्या लक्षात यायला अकरा घरं लागली. अकराव्या घरी हेमाकाकू म्हणून एक आजीबाई होत्या. त्यांनी मला उलटं विचारलं, "अहो, सहज म्हणजे? काही निघालं का त्या कापडात? लपवू नका, आमच्या केयूरला परवापासून पुरळ आहे."

"नाही हो काकू, कापडात काही नाही. मी फक्त विचारतेय, तो... म्हणजे... आहे ना व्यवस्थित?"

"आहे ना म्हणजे काय? बाई, तुम्हाला कुणी बोलायला शिकवलं?"

संध्याकाळपर्यंत आयांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरायला लागला. 'दुपटं अँड कंपनीच्या रंगात केमिकल सापडलंय. मालकीणबाई स्वतः घरोघर फोन करून मुलं जिवंत आहेत का विचारतायत.' त्यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे मला धड नाकारताही येईना. शुक्रवारपर्यंत ज्यांनी माझं झबलं आयुष्यात पाहिलं नव्हतं अशा बायकाही मला रागाचे निरोप पाठवायला लागल्या. कोथरूडच्या एका दुकानानं माझे दोन खोके परत पाठवले. त्यात तो गुलाबी, पानांचा संचही होता.

"खरं काय ते लिहून टाक ना," आमोद म्हणाला.

"काय लिहू? की प्रयोगशाळेचे रिपोर्ट भिंतीवर लावणारी बाई एका अनोळखी बाईच्या अंधश्रद्धेसाठी चौतीस मुलांची हजेरी घेतेय?"

"मग हजेरी थांबव."

"बावीस झाले. आता मध्येच कशी थांबवू?"

 तो चष्मा काढून पुसत बसला. मला काय झालंय हे त्याला कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं. माझा धंदा माझ्या डोळ्यांदेखत उसवत होता आणि मी तेविसावा नंबर फिरवत होते. मला एवढंच ठाऊक होतं की प्रत्येक घरातून "बरंय की" ऐकलं की मला जरा मोकळं वाटत होतं.

शनिवारी दुपारी तेहतीस झाली. तेहतीसही बरी. एकाला दमा, एक चष्म्याचं, एक अजून बोलत नव्हतं म्हणून आई काळजीत. पण बरी. राहिलं एकच, एकोणीस नंबर. वहीत लिहिलं होतं: 'वजन एक किलो नऊशे. सगळीकडे सैल. रडायची ताकद नाही.' फोन बंद.

हे बाळ दुर्गाबाईंच्या ओळखीतून आलं होतं. बाप वैजनाथ, मार्केट यार्डात हमाल. दुर्गाबाई म्हणाल्या, दोन वर्षं झाली, त्या लोकांची गाठ नाही. एक किलो नऊशे. 

रविवारी सकाळी मी मार्केट यार्डात गेले. कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती आणि पाठीवर गोणी घेतलेली माणसं "बाजू, बाजू" करत धावत होती. मी ज्याला त्याला वैजनाथबद्दल विचारत होते. तिथे वैजनाथ पाच निघाले. चौघांना भेटून मी पाचव्यापाशी पोचले तेव्हा तो गोणी उतरवून तोंडावर पाणी मारत होता.

"ओळखलंत का? तुमच्या बाळाला मी झबलं घातलं होतं. दुर्गाबाईंनी आणलं होतं."

"हां, हां. हाय की ध्यानात." त्याचा चेहरा जरासा पडला असं मला वाटलं. "त्याचं काय आता?"

"बाळ..."  तेहतीस घरी विचारूनही मला तो प्रश्न नीट विचारता येत नव्हता. "बाळ कसं आहे?"

"लेकरू न् त्याची आई गावाकडं हाय, हिंगोलीला. काऊन, झबलं वापस द्याचं राहिलं का आमच्याकून?" म्हणत त्यानं फोन काढला. काच फुटलेली. त्यावर कुणालातरी लावला, ओरडला, पुन्हा ओरडला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर शेणानं सारवलेलं अंगण होतं आणि त्यात दोन वर्षांचा एक गोळा, अंगावर एक चिंधी नाही, कोंबडीच्या मागे धावत होता. "सार्थक, ए सार्थक, इकडं बग!" बाप ओरडत होता. सार्थकनं बघितलंच नाही. कोंबडी महत्त्वाची होती.

"कपडे घालूच देत नाही बगा," वैजनाथ कौतुकानं म्हणाला. "घातलं की काढून फेकतंय."

मी तिथे कांद्याच्या गोण्यांमध्ये उभी राहून रडले. वैजनाथ बिचारा म्हणत राहिला की कांद्यानं होतं, नव्या माणसाला होतं.

त्याच दिवशी मी पूर्णिमाला निरोप पाठवला. 'माझं चुकलं. झबलं ठेवलंय. मी घेऊन येऊ का?' उत्तर लगेच आलं. 'तुम्ही आणून दिलं तर ते मागणं होत नाही. मीच येते.'

ती सोमवारी आली. नवरा, संतोष, या वेळी मोटारीबाहेर उभा होता, हातांचं काय करावं हे न कळून. मी दार उघडलं, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही. ओढणी दोन्ही हातांवर पसरून बाहेरच उभी राहिली. इस्त्रीवाल्यानं इस्त्री थांबवली. तिचे कान लाल झाले होते.

"बाळासाठी जुनं काही असलं तर द्या," ती म्हणाली. पाठ केलेलं असावं.

झबलं माझ्या हातातच होतं. तरी मी म्हटलं, "थांबा. आधी ऐका. या झबल्यातली चौतीसच्या चौतीस मुलं बरी आहेत, मी सगळ्यांना विचारलंय. एक तर नागडं पळतंय. पण घर जर माझं धरायचं असेल, तर मला मूल नाही. तुम्हाला नको असेल तर मी दुर्गाबाईंच्या हातून देते. त्यांना चार आहेत."

दुर्गाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मला माहीत आहे," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही व्हिडिओखाली लिहिलं होतं ना, चौतीस. ते वाचलं तेव्हाच कळलं." तिनं ओढणी सावरली. "माझं हे तिसरं. पहिलं पोटातच गेलं, सातव्यात. दुसरी नऊ दिवस होती. ऑफिसात, लिफ्टमध्ये सगळे विचारतात, पहिलंच का? मी हो म्हणते. एवढंसं उत्तर द्यायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे. चार घरं आईनं सांगितली तशी मागितली. पाचवं मला माझ्या मनानं मागायचं होतं. म्हणून तुमच्याकडे आले. ओढणी दुखायला लागली हो, द्या ना."

ओढणी कशी दुखेल, हात दुखत असतील.  मी झबलं तिच्या ओढणीत ठेवलं. तीन ठिगळं, निळे बाण, दुधाचा डाग. तिनं ते गुंडाळून पोटाशी धरलं आणि आभार न मानता गेली, कारण दुर्गाबाई म्हणाल्या, आभार मानायचे नसतात.

त्यानंतर अकरा दिवसांनी संतोषचा निरोप आला. 'मुलगी. दोन किलो सातशे.' मी वहीत पस्तीस नंबर लिहिला, वजन लिहिलं आणि शेऱ्याची जागा रिकामी सोडली.

मग नऊ दिवस मी काय करत होते ते मला सांगता येणार नाही. कापड चुकीचं कापलं, एका टोपड्याला तीन बंद लावले. दहावा दिवस उजाडला, गेला. निरोप नाही. मी फोन केला नाही. माझा फोन गेला की घरात काय होतं ते चौतीस घरांनी पाहिलं होतं. पंधरावा, विसावा. मला स्वतःवर चिडायला होत होतं. एक कपडा तो काय, तो माझ्या हातचा, त्यात कापूस आहे आणि पाणी लागलेलं आहे, दुसरं काही नाही, हे मला पुण्यात कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. आणि तरी रोज सकाळी दुकान उघडल्यावर माझा पहिला हात फोनकडे जात होता. धंद्याचं म्हणाल तर हेमाकाकूंनी ग्रुपवर लिहिलं की केयूरचं पुरळ उन्हाचं होतं आणि ती बाई विचित्र आहे पण कापड चांगलं आहे. त्यानं थोडं सावरलं.

सव्वा महिना उलटला आणि एका दुपारी दुर्गाबाई भाकरी खात असताना पूर्णिमाचा फोटो आला. झबलं होतं. त्यात एक गुबगुबीत, रागावलेली बाई होती, मुठी आवळून, केस उभे. कुशीचे बंद एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते, मध्ये चार बोटं पोट उघडं. खाली लिहिलं होतं:

'बंद पुरत नाहीत आता. पुढचं माप दाखवाल का? ते गुलाबी, पानांचं. नवीन. विकत घ्यायचंय.'

मी ते दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचून दाखवलं. दुर्गाबाईंनी भाकरी खाली ठेवली आणि "इकतचं?" म्हणत कपाळाला हात लावला. मी वही काढली आणि पस्तिसाव्या ओळीत शेरा लिहिला, 'छातीला घट्ट.' अक्षर जरा वाकडं आलं. मग कोथरूडहून परत आलेल्या खोक्यातून गुलाबी संच शोधायला मी उठले.